पोस्टग्रेसमध्ये स्वतःची भाषा बसवावी का? टॉवेलच्या फॉर्म्युल्यांच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादर कारखान्यांसाठी तुमचं सॉफ्टवेअर आहे, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. सुताचा हिशोब कारखान्यातले मास्तर तुमच्याच एका छोट्या मराठी फॉर्म्युला-भाषेत लिहितात आणि तो आज डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये चालतो. आता तो डेटाबेसच्या आत चालवायचाय, म्हणून पीएल/पीजीएसक्यूएल किंवा पीएल/पायथन या डेटाबेसच्या आत चालणाऱ्या भाषांसारखी ही भाषाही अधिकृतपणे बसवता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

येईल. पण तुमच्या जागी मी बसवणार नाही. का ते सांगतो. आणि तरीही बसवायचीच असेल तर नेमकं कुठे अडकाल तेही सांगतो, कारण भाषा नोंदवणाऱ्या ‘क्रिएट लँग्वेज’च्या ओळीपाशी कुणीच अडकत नाही.

पोस्टग्रेसला एसक्यूएल, सी आणि आपली अंतर्गत फंक्शनं सोडली तर कुठलीच भाषा मुळातून येत नाही. पीएल/पीजीएसक्यूएलसुद्धा बाहेरूनच जोडलेली आहे. यान विक यांनी ती लिहिली, १९९८ मध्ये ६.४ या आवृत्तीत ती आली आणि ९.० पासून प्रत्येक नव्या डेटाबेसमध्ये आपोआप बसलेली मिळते, एवढाच तिचा मान. नव्या कोऱ्या डेटाबेसमध्ये ‘पीजी_लँग्वेज’ हा कॅटलॉग उघडून बघा, चारच ओळी दिसतील: इंटर्नल, सी, एसक्यूएल आणि पीएलपीजीएसक्यूएल. भाषा जोडणं म्हणजे त्यात पाचवी ओळ घालणं. त्या ओळीत मुख्यतः तीन फंक्शनांचे पत्ते असतात. कॉल हँडलर सक्तीचा. तुमच्या भाषेतलं कुठलंही फंक्शन कुणी हाकारलं की पोस्टग्रेस त्याच्याकडे जातं. इनलाइन हँडलर ‘डू’ ब्लॉकसाठी, म्हणजे फंक्शन न बनवता तिथल्या तिथे चालवायच्या कोडसाठी. व्हॅलिडेटर फंक्शन तयार होताना मजकूर तपासण्यासाठी. शेवटचे दोन ऐच्छिक.

पोस्टग्रेस तुमच्या भाषेचं एक अक्षरही वाचत नाही. फंक्शनचा मजकूर ‘पीजी_प्रोक’ या फंक्शनांच्या कॅटलॉगमध्ये साधा टेक्स्ट म्हणून पडून असतो. हँडलरला फक्त फंक्शनचा ओआयडी (अंतर्गत क्रमांक) आणि आर्ग्युमेंट मिळतात. मजकूर काढणं, पार्स करणं (म्हणजे उकलणं), चालवणं आणि उत्तर ठरलेल्या टाइपमध्ये परत देणं, सगळं हँडलरच्या गळ्यात. आणि हा हँडलर सीसारख्या कंपाइल होणाऱ्या भाषेतच लिहावा लागतो. ‘पीएल/पायथनमध्ये हँडलर लिहू का’ असंही तुम्ही विचारलंय; नाही चालणार. नमुना हवा असेल तर आवृत्ती १४ पासून पोस्टग्रेसच्या सोर्समध्ये, टेस्ट मॉड्यूल्सच्या फोल्डरात, ‘पीएलसॅम्पल’ नावाची एक खेळण्यातली भाषा आहे. ती फंक्शनचा मजकूरच उत्तर म्हणून परत देते. तीच कॉपी करून सुरुवात करायची.

आता अडचणी.

पहिली टाइपांची. रक्कम आणि वजन तुम्ही ‘न्यूमरिक’ या अचूक दशांशाच्या टाइपमध्ये ठेवत असणार. तुमच्या इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे फॉर्म्युला चालवणाऱ्या भागात, सगळे आकडे ‘डबल’ (अंदाजे दशांश) असतील तर हद्द ओलांडतानाच पैशांचा हिशोब सरकायला लागतो. पीएल/पायथनमध्येही हे होतं: ९.४ च्या आधी न्यूमरिकचं फ्लोट व्हायचं, ९.४ पासून डेसिमल होतं. शिवाय नल, म्हणजे रिकामी किंमत. फंक्शन ‘स्ट्रिक्ट’ (नल आला की न चालणारं) नसेल तर हँडलरला नल मिळतो, आणि तुमच्या फॉर्म्युला-भाषेत नल ही कल्पनाच नसेल तर रिकामा काउंट (सुताचा नंबर) शून्य धरून शून्याने भागाकार होतो.

दुसरी मेमरी आणि एररची, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. पोस्टग्रेसमध्ये एरर आली की सीचा लाँगजंप होतो: मधली सगळी फंक्शनं ओलांडून नियंत्रण थेट वर जातं. तुमचा इंटरप्रिटर सी प्लस प्लसमध्ये असेल तर मधले डिस्ट्रक्टर, म्हणजे साफसफाई करणारी फंक्शनं, चालतच नाहीत. सीच्या ‘मॅलॉक’ने घेतलेली मेमरी कनेक्शन बंद होईपर्यंत अडकून राहते, म्हणून पोस्टग्रेसचा ‘पीअ‍ॅलॉक’ वापरायचा; क्वेरी संपली की ती मेमरी आपोआप सुटते. पण मग पार्स केलेलं झाड (फॉर्म्युल्याची उकललेली रचना) पुढच्या कॉलसाठी जपायचं असेल तर ते वेगळ्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या मेमरी-कॉन्टेक्स्टमध्ये ठेवायला हवं, आणि मास्तरांनी फॉर्म्युला बदलला की जुनं झाड फेकायला हवं. फंक्शन बदललं का हे ‘पीजी_प्रोक’मधल्या ओळीच्या एक्समिन (ती लिहिणाऱ्या ट्रँझॅक्शनचा क्रमांक) आणि टीआयडीवरून (ओळीची जागा) ओळखायचं, पीएल/पीजीएसक्यूएलही तेच करते. एरर पकडून पुढे चालायचं असेल तर सबट्रँझॅक्शन (ट्रँझॅक्शनच्या आतलं छोटं ट्रँझॅक्शन) उघडल्याशिवाय इलाज नाही. पीएल/पीजीएसक्यूएलमधला ‘एक्सेप्शन’ ब्लॉक महाग पडतो तो यामुळेच.

आणि सीमध्ये एक पॉइंटर चुकला तर? ज्या बॅकएंडमध्ये (एका कनेक्शनच्या प्रोसेसमध्ये) चुकला तो मरतोच, पण सगळ्यांची सामाईक शेअर्ड मेमरी बिघडली असेल या भीतीने पोस्टमास्टर ही मुख्य प्रोसेस बाकीची सगळी कनेक्शनंही तोडतो आणि रिकव्हरी करून पुन्हा उभा राहतो. मास्तर टॉवेलची पाईल (वर दिसणारे दोऱ्यांचे फासे) बदलून बघत होते आणि शेजारच्या टेबलावरचं चलन अर्ध्यात गेलं, हे तुमच्या गिऱ्हाइकाला समजावून सांगण्याची हौस असेल तर वेगळी गोष्ट.

तिसरी विश्वासाची. भाषा ‘ट्रस्टेड’ म्हणून नोंदवली की सुपरयुजर नसलेल्या साध्या युजरलाही तिच्यात फंक्शनं लिहिता येतात. पण ट्रस्टेड हा शब्द तुमचा शब्द असतो, पोस्टग्रेस तो तपासत नाही. भाषेतून फाइल उघडता येत असेल, नेटवर्कवर जाता येत असेल, तर ते सगळं सर्व्हर ज्या ओएस युजरने चालतो त्याच्या हक्काने होतं. पर्ल आणि टीसीएल यांना बंदिस्त करण्याची सोय आहे म्हणून त्यांचे ट्रस्टेड प्रकार आहेत. पायथनला तशी भरवशाची सोय उरली नाही, म्हणून ७.४ पासून पीएल/पायथन फक्त अनट्रस्टेड आहे आणि नावाच्या शेवटी ‘यू’ मिरवते. तुमच्या भाषेत नुसती बेरीज-गुणाकार आणि ‘जर-तर’ आहे, त्यामुळे ट्रस्टेड करायला हरकत नाही. फक्त लूप असेल तर दर फेरीला पोस्टग्रेसची इंटरप्ट-तपासणी हाकारा. नाहीतर अखंड फिरणारा फॉर्म्युला ना टाइमआउटला दाद देतो, ना क्वेरी रद्द करण्याला. कंसात कंस किती खोल जाऊ द्यायचे त्यासाठी स्टॅकची तपासणीही आहे, तीही घाला.

व्हॅलिडेटर लिहिलात तर एक पथ्य: ‘चेक_फंक्शन_बॉडीज’ ही सेटिंग बंद असेल तेव्हा कडक तपासणी करू नका. डंप (बॅकअप) परत चढवताना ती बंदच असते, कारण फंक्शन ज्या टेबलाचा उल्लेख करतं ते तोवर बनलेलं असेलच असं नाही. बॅकअप घेतला होता पण चढेना, ही वेळ अशीच येते.

मग एवढा खटाटोप कुणी करावा? ज्यांची भाषा खरोखर प्रोसिजरल आहे, जिच्यात ट्रिगर (टेबल बदललं की आपोआप चालणारी फंक्शनं) लिहायचेत, क्वेऱ्या मारायच्यात, ज्यांच्या लायब्रऱ्यांचा डोंगर आधीच उभा आहे. पीएल/आर, पीएल/जावा, पीएल/व्ही८ यांना अर्थ आहे तो यामुळे. आणि सर्व्हर त्यांच्या हातात असायला हवा. तुमचे सर्व्हर तर प्रत्येक कारखान्याच्या ऑफिसात, बहुतेक विंडोजवर. तिथे तुमची लायब्ररी पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी नव्याने कंपाइल करून द्यावी लागेल. बाहेरच्या लायब्रऱ्या कंपाइल करण्याची पोस्टग्रेसची नेहमीची व्यवस्था ‘मेक’ या साधनावर चालते; व्हिज्युअल स्टुडिओत ती जुळवाजुळव तुमची तुम्हालाच. उद्या एखादं गिऱ्हाईक मॅनेज्ड क्लाउडवर गेलं तर तिथे स्वतःची सी लायब्ररी टाकू देत नाहीत, विषयच संपला.

आता तुम्ही दिलेला फॉर्म्युला बघू: बाण्याचं, म्हणजे आडव्या सुताचं, वजन. एका काउंटचं सूत म्हणजे एका पौंडात ८४० यार्ड, म्हणजे एका मीटरचं वजन ०.५९०५ भागिले काउंट इतके ग्रॅम. ३० बाय ६० इंचाचा टॉवेल, इंचाला ४० पिक (आडवे दोरे), बाणा २० काउंटचा. एकूण २४०० पिक, प्रत्येक ०.७६२ मीटर, मिळून सुमारे १८२९ मीटर; क्रिंप (विणीत दोऱ्याला येणारा वाक) आणि वेस्टेज सोडून ५४ ग्रॅम. बाकीचे फॉर्म्युलेही याच जातीचे दिसतात, ताणा (उभं सूत) काय किंवा पाईल काय. ही एक राशी आहे, प्रोसिजर नाही. हिच्यासाठी पोस्टग्रेसकडे आधीच भाषा आहे, तिचं नाव एसक्यूएल.

म्हणून माझा सल्ला: मास्तरांची भाषा तशीच ठेवा आणि तिचं भाषांतर ‘लँग्वेज एसक्यूएल’च्या फंक्शनमध्ये करा. एकाच सिलेक्टचं साधं एसक्यूएल फंक्शन पोस्टग्रेसचा प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) क्वेरीतच विरघळवून टाकतो, फंक्शनचा कॉल उरतच नाही. उलट तुमच्या हँडलरवर चालणारं फंक्शन प्लॅनरला बंद पेटी वाटतं. सी आणि अंतर्गत फंक्शनांची किंमत तो डिफॉल्ट १ धरतो, बाकी सगळ्यांची १००. वर्षभराच्या ऑर्डरींवर सुताचा अहवाल काढताना हा फरक जाणवेल. व्हॅलिडेटरही फुकट मिळतो: फॉर्म्युल्यात नसलेलं नाव आलं किंवा टाइप जुळला नाही तर फंक्शन तयार होतानाच एरर येते. डीडीएल, म्हणजे टेबलं-फंक्शनं बनवण्याच्या आज्ञा, ट्रँझॅक्शनमध्ये चालत असल्यामुळे फॉर्म्युल्याची मूळ ओळ टेबलात घालणं आणि फंक्शन बनवणं एकत्र होतं किंवा काहीच होत नाही.

मराठी नावांचं काय, हा तुमचा खरा प्रश्न होता असं वाटतं. पोस्टग्रेसचा लेक्सर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) आस्कीबाहेरची, म्हणजे इंग्रजी अक्षरं-आकडे-चिन्हं सोडून बाकीची, सगळी बाइट्स नावाचा भाग धरतो, त्यामुळे यूटीएफ-८ डेटाबेसमध्ये ‘ताणा’, ‘बाणा’, ‘काउंट’ ही नावं अवतरणांशिवाय चालतात. तीन ठिकाणी मात्र ठेच लागते. देवनागरी आकडे लेक्सरला आकडे वाटत नाहीत. ‘२०’ लिहिलंत तर तो ‘२०’ नावाचा कॉलम शोधत बसतो. भाषांतर करताना ते आस्कीत बदला. दुसरं, नावाला ६३ बाइट्सची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट्स खातं. काना-मात्रा धरून २१ चिन्हं झाली की पुढचं कापलं जातं. ‘पाईलच्या_सुताचं_एकूण_वजन’ बसत नाही, आणि मग अशा दोन लांब नावांची कापल्यावर एकच होतात. फंक्शनला आतून एक क्रमांकी नाव द्या, मराठी नाव टेबलात ठेवा.

तिसरं सगळ्यात चिवट आहे. ‘दोऱ्या’ हा शब्द कीबोर्डप्रमाणे वेगवेगळ्या चिन्हांनी बनतो: कुठे एकसंध ऱ, कुठे र आणि खाली नुक्ता, कुठे साध्या र ला हलन्त लावून अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला ती तीन वेगळी नावं. आवृत्ती १३ पासूनचं ‘नॉर्मलाइझ’ फंक्शन पहिल्या दोघांना एक करतं, तिसऱ्याला नाही. तो तुम्हालाच भाषांतराच्या आधी ऱ मध्ये बदलून घ्यावा लागेल. मोबाइलवरून टाइप करणारा एक मास्तर आणि जुन्या कीबोर्डवाला दुसरा एकाच कारखान्यात असतील तर हे होणारच.

फंक्शन बदलतानाही थोडं सांभाळा. ‘क्रिएट ऑर रिप्लेस’ने आर्ग्युमेंटचं नाव किंवा परतीचा टाइप बदलत नाही, आधी ड्रॉप करावं लागतं, आणि त्यावर व्ह्यू उभा असेल तर पोस्टग्रेस ड्रॉप करू देत नाही. फंक्शन ‘इम्यूटेबल’ (त्याच इनपुटला कायम तेच उत्तर) लिहून स्टोअर्ड जनरेटेड कॉलममध्ये, म्हणजे मोजून साठवलेल्या कॉलममध्ये, वापरलंत तर फॉर्म्युला बदलल्यावर जुन्या ओळी आपोआप मोजल्या जात नाहीत. तुमच्या धंद्यात ते एका परीने बरंच आहे, मागच्या दिवाळीचं कोटेशन आजच्या वेस्टेजने बदलायला नको. पण ते योगायोगावर सोडू नका. प्रत्येक बदलाला नवं आवृत्ती-क्रमांकाचं फंक्शन बनवा आणि ऑर्डरीच्या ओळीत तो क्रमांक नोंदवा. फॉर्म्युला दराच्या टेबलातून काही वाचत असेल तर मात्र तो इम्यूटेबल नाही, ‘स्टेबल’ (एका क्वेरीपुरतंच तेच उत्तर) आहे.

भाषांतरक नव्याने लिहू नका, डेटाबेसच्या आत तर नकोच. डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये पार्सर आहे आणि मास्तरांच्या सवयीचे सगळे खाचखळगे त्याला माहीत आहेत. त्याच्या झाडावरून आज आकडा काढता, तिथेच एसक्यूएलचा मजकूर छापणारी दुसरी वाट काढा. झाडात ओळखीच्या क्रिया आणि ओळखीची नावं यांखेरीज काही आलं तर भाषांतर नाकारायचं. मास्तरांनी टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा एसक्यूएलमध्ये कधीच चिकटवायचा नाही. फंक्शनं बनवायला एक वेगळा रोल आणि वेगळी स्कीमा ठेवा, बाकीच्या युजरांना फक्त चालवण्याचा हक्क. सुरुवातीला दोन्ही वाटांनी काढलेले आकडे शेजारी ठेवून ताडून बघा. डेस्कटॉपवर डबल होते आणि इथे न्यूमरिक, त्यामुळे शेवटच्या दशांशात फरक दिसेल. कुठल्या पायरीला राउंड करायचं ते त्या वेळी मास्तरांनाच विचारा.