सरकारी वकील निवडणुकीला उभे राहतात तेव्हा काय तपासावे

तुमचा प्रश्न असा आहे की, तुमच्या भागातील सत्र न्यायालयात गेली काही वर्षे सरकारची बाजू मांडणारे वकील येत्या विधानसभा निवडणुकीस उभे राहणार अशी चर्चा आहे. ते कायद्याने पात्र ठरतात का, आणि ‘इतक्या गुन्हेगारांना शिक्षा मिळवून दिली’ हे त्यांचे भांडवल मतदाराने कितपत मानावे? उत्तराआधी माझी बाजू सांगून ठेवतो. मी म्हापसा आणि पणजी येथील फौजदारी न्यायालयांत एकतीस वर्षे वकिली केली, आणि तीही बहुतांशी आरोपींच्या वतीने. म्हणजे सरकारी वकील हा माझा रोजचा प्रतिपक्ष होता. त्यामुळे माझ्या मतांत काही पूर्वग्रह उतरला असेल, तो वजा करून पुढचे वाचावे.

पात्रतेचा भाग थोडक्यात संपतो, कारण आपल्या राज्यघटनेने आमदारकीसाठी मागितलेलेच फार थोडे आहे. अनुच्छेद १७३ प्रमाणे उमेदवार भारताचा नागरिक हवा, त्याचे वय २५ वर्षे पूर्ण हवे आणि त्याने विहित शपथ घेतलेली हवी. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ५ प्रमाणे त्याचे नाव राज्यातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत हवे. शिक्षणाची अट नाही, अनुभवाची तर नाहीच. याउलट जिल्ह्याचा सरकारी वकील नेमला जाण्यासाठी किमान सात वर्षांची वकिली लागते, जिल्हा दंडाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून तयार केलेल्या नामिकेत (वकिलांच्या निवडक यादीत, म्हणजे पॅनेलमध्ये) नाव असावे लागते, आणि एखाद्या खटल्यापुरता विशेष सरकारी वकील व्हायचे तर दहा वर्षांची वकिली लागते. कायदा न्यायालयात मांडणाऱ्याची परीक्षा कडक आणि कायदा करणाऱ्याची जवळजवळ नाहीच, असा हा प्रकार आहे.

अडचण येऊ शकते ती अपात्रतेच्या बाजूने, अनुच्छेद १९१ मधील ‘लाभाचे पद’, म्हणजे सरकारच्या अखत्यारीतले मोबदला देणारे पद, या मुद्द्यावर. येथे तुमचे उमेदवार नेमके कोण आहेत हे आधी पाहावे लागेल. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात उभे राहणारे सहायक सरकारी वकील हे अभियोग संचालनालयाखालचे पगारी शासकीय कर्मचारी असतात. त्यांना नोकरीत असताना पक्षाचे सदस्य होता येत नाही, उमेदवारी तर दूरच. राजीनामा द्यावाच लागतो, आणि नुसता देऊन भागत नाही, तो मंजूर व्हावा लागतो. सत्र न्यायालयातील सरकारी वकील मात्र सहसा वकिलांमधून ठरावीक मुदतीसाठी नेमलेले असतात आणि त्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयासमोर अशी दोन प्रकरणे आली. कांता कथुरिया यांच्या प्रकरणात, एका विशिष्ट दाव्यापुरते विशेष सरकारी वकील नेमले जाणे हे लाभाचे पद नव्हे असे बहुमताने ठरले, कारण ती व्यक्ती गेल्यावर मागे राहील असे पदच तेथे नव्हते. तर महादेव विरुद्ध शांतिभाई या प्रकरणात रेल्वेच्या नामिकेवरील वकिलाचे काम मात्र लाभाचे पद ठरले. तालुक्याच्या चर्चेतल्या सरकारी वकिलाचे पद कायम स्वरूपाचे आहे, एक गेला की दुसरा तेथे येतो, त्यामुळे माझ्या मते त्यांनी हा धोका पत्करू नये. पात्रता पाहिली जाते ती अर्जांच्या छाननीच्या दिवशी. त्या दिवसापूर्वी ते पदमुक्त झाल्याचा लेखी आदेश हातात नसेल, तर विरोधी उमेदवाराचा वकील नेमकी तीच फट शोधत निर्वाचन अधिकाऱ्यासमोर येईल, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केले असते.

उज्ज्वल निकम यांचे उदाहरण तुम्ही दिले आहे, ते येथे पूर्णपणे लागू होत नाही. ते मुख्यतः विशेष सरकारी वकील म्हणून खटल्यागणिक नेमले जात. २०२४ मध्ये मुंबई उत्तर मध्य मतदारसंघातून लोकसभेला उभे राहताना त्यांनी आपल्याकडील खटल्यांतून राजीनामा दिला, सुमारे साडेसोळा हजार मतांनी ते पराभूत झाले, त्यानंतर राज्य सरकारने त्यांना पुन्हा विशेष सरकारी वकील नेमले आणि विरोधकांनी त्यावर आक्षेप घेतला. पुढे २०२५ मध्ये ते राज्यसभेवर नामनिर्देशित झाले. या क्रमातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग पराभवानंतरचा आहे. पक्षाच्या चिन्हावर लढलेला माणूस निकालानंतर पुन्हा राज्याच्या वतीने न्यायालयात उभा राहिला, तर आरोपीच्या मनात शंका येणारच, ती खरी असो वा नसो. कायद्याने त्याला मनाई नाही. तुमचे उमेदवार हरले तर पुन्हा त्याच खुर्चीवर येणार का, हे त्यांना आत्ताच विचारायला हरकत नाही.

आता शिक्षांच्या आकड्याविषयी. अमेरिकेत बहुतेक राज्यांत स्थानिक अभियोक्ता (तिकडचा सरकारी वकील) स्वतःच लोकांच्या मतांवर निवडून येतो आणि कोणावर आरोप ठेवायचा हेही तोच ठरवतो, म्हणून तेथे हा आकडा प्रचारात येतो. आपल्याकडे तपास पोलीस करतात, आरोपपत्र पोलीस दाखल करतात आणि सरकारी वकिलाच्या हाती येते ती तयार कागदपत्रांची फाईल. पंच कच्चे असले, मुद्देमालाचे सील संशयास्पद असले, साक्षीदार फितूर झाला, तर उत्तम वकीलही हतबल असतो. आणि फाईल पक्की असली तर सामान्य वकिलाच्या हातूनही शिक्षा होते. आपल्या किनारपट्टीवरच्या खटल्यांत आणखी एक अडचण असते: महत्त्वाचा साक्षीदार पर्यटक असतो, आणि तारीख लागेपर्यंत तो हजारो मैल दूर आपल्या घरी गेलेला असतो. हणजूण येथे २००८ मध्ये मृतावस्थेत सापडलेल्या ब्रिटिश मुलीच्या खटल्यात बाल न्यायालयाने २०१६ मध्ये दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतील एकाला दोषी ठरवले. अभिलेख तोच, साक्षी त्याच, निकाल दोन. अशा वेळी कोणाच्या नावावर किती शिक्षा मांडायच्या? म्हणून ‘शिक्षा मिळवून दिल्या’ हे वाक्य मी फारसे मोजत नाही.

मी मोजतो ती वेगळी गोष्ट, आणि ती भाषणात ऐकू येत नाही. सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नसतो, सरकारचाही केवळ निरोप्या नसतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ ने, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० ने, खटला मागे घेण्याचा अर्ज करण्याचा अधिकार त्यालाच दिला आहे, तोही न्यायालयाच्या परवानगीने. सरकारने ‘मागे घ्या’ असे कळवले तरी त्याने स्वतः कागद वाचून, स्वतःच्या बुद्धीने ठरवायचे असते. केरळ विधानसभेत २०१५ च्या अर्थसंकल्पाच्या दिवशी झालेल्या मोडतोडीचा खटला मागे घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नकार दिला तो याच तत्त्वावर. त्याच वर्षी, उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय आजी-माजी आमदार-खासदारांवरील खटले मागे घेऊ नयेत असा आदेशही झाला. नव्या संहितेत तर पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय अशी परवानगी देता येत नाही. तुमच्या उमेदवारांनी असे किती अर्ज केले, कोणाच्या खटल्यांत केले आणि कारण काय दिले, हे न्यायालयाच्या रोजनाम्यात आणि आदेशांत नोंदलेले असते. माझ्या अनुभवात एका सरकारी वकिलाने भर न्यायालयात तपास अधिकाऱ्याला सांगितले होते की, या जबाबावर मी जामिनाला विरोध करू शकत नाही, कारण जबाब घेतल्याच्या वेळी साक्षीदार रुग्णालयात बेशुद्ध होता. त्या दिवशी माझा अशील सुटला हे खरे, पण मी त्यापुढे त्या वकिलाच्या प्रत्येक विरोधाला अधिक घाबरू लागलो. असा माणूस विधानसभेत सत्ताधारी बाकांवर बसला तरी विधेयकातले कलम वाचून हात वर करायचा की नाही ते ठरवील.

याच ठिकाणी गोव्याचे लहानपण आड येते. चाळीस मतदारसंघांचे आपले राज्य. २०२२ मध्ये सांत आंद्रेची जागा ७६ मतांनी ठरली. एवढ्या लहान परिघात सरकारी वकिलाने ज्याच्यावर खटला चालवला तो, ज्याच्या फिर्यादीवर चालवला तो, आणि ज्याला पिंजऱ्यात उभे केले तो साक्षीदार, हे तिघेही एकाच वाड्यावरचे मतदार असू शकतात. बांधाच्या भांडणात मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) आणि भाटकार (जमीनमालक) दोघांच्या घरी मत मागायला जावे लागते. म्हणून निवडणूक जवळ आल्यावर काही खटल्यांच्या तारखा अचानक पुढे जाऊ लागल्या, एखाद्या जामीनअर्जावर ‘हरकत नाही’ असे लिहून मिळू लागले, तर त्याची नोंद घ्यावी. हा कोणावर आरोप नव्हे, पण अशी वेळ येऊ शकते आणि पदावर राहून प्रचाराची तयारी करणाऱ्याला ती टाळणे अवघड जाते. उमेदवारीचा विचार पक्का झाला त्या दिवशीच पद सोडणारा माणूस, छाननीच्या आदल्या दिवशी सोडणाऱ्यापेक्षा, माझ्या दृष्टीने कितीतरी वरचा.

उरलेले तुम्हाला उमेदवारी अर्जासोबत द्यावयाच्या नमुना २६ मधील प्रतिज्ञापत्रात सापडेल. प्रलंबित गुन्हे, स्वतःची, जोडीदाराची व अवलंबितांची मालमत्ता, गेल्या पाच वर्षांच्या विवरणपत्रांतील उत्पन्न, सरकारी देणी, शिक्षण, हे सारे त्यात शपथेवर लिहावे लागते आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. वकील उमेदवाराच्या बाबतीत मी उत्पन्नाच्या स्रोताचा रकाना आधी पाहतो. आमदार झाल्यावर वकिली बंद करावी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा निवडून आल्यावर ते सरकारविरुद्ध वकीलपत्र घेणार का, आणि ज्या खटल्यांत त्यांनी सरकारची बाजू मांडली त्यांतील आरोपींची अपिले त्यांच्याच कार्यालयातील कनिष्ठ वकील चालवणार नाहीत याची हमी देणार का, हे दोन प्रश्न वाड्यावरच्या बैठकीत कोणीतरी विचारायला हवेत. प्रतिज्ञापत्राची प्रत अर्ज दाखल होताच पाहून ठेवा. छाननीत आक्षेप घ्यायचा झाल्यास वेळ फार थोडा मिळतो.