‘डार्क स्टार’ पुन्हा पुन्हा का ऐकायचं?

प्रश्न : मुलगा अमेरिकेत शिकून परत आला तो एक हार्ड डिस्क घेऊन. तिच्यात ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचं ‘डार्क स्टार’ हे एकच गाणं कितीतरी वेळा आहे, दर वेळी निराळ्या कार्यक्रमातलं. कुठे वीस मिनिटं, कुठे चाळीसच्या वर. तो म्हणतो, त्यांचा गिटारवादक जेरी गार्सिया, त्याचा सोलो प्रत्येकात वेगळा आहे. मला सगळे एकसारखे वाटतात. पन्नास वर्षं ख्याल ऐकतोय, तेव्हा कान अगदीच टाकाऊ नसावेत. ही तुलना करायची कशी? — एक वाचक, सांगली

उत्तर : कान उत्तम आहेत तुमचे. पण तुम्ही फक्त गिटार ऐकत असणार, असा माझा अंदाज आहे. ख्यालाची सवय असलेला माणूस मुख्य कलाकाराला धरून बसतो आणि साथीदारांना मागे ठेवतो. इथे तसं केलंत की दहाव्या मिनिटाला सगळं एकाच रंगाचं दिसायला लागतं. गार्सिया काय वाजवतोय हे कळायला शेजारचे काय करताहेत ते आधी ऐकावं लागतं. माझी या गाण्याबद्दलची सगळी मतं शेवटी तिथेच येऊन थांबतात.

आधी सांगाडा. १९६८ साली ‘डार्क स्टार’ची छोटी तबकडी निघाली, जेमतेम पावणेतीन मिनिटांची. ती फारशी खपली नाही. मंचावर मात्र ते गाणं लांबत गेलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला पाच-सहा मिनिटांत आटपत होतं, वर्षभरात वीस मिनिटांच्या पुढे गेलं. रचना अगदी सुटसुटीत: ओळखीचा एक छोटा स्वरसमूह, मग मोकळं वाजवणं, मग पहिलं कडवं, पुन्हा मोकळं वाजवणं, जमलं तर दुसरं कडवं, आणि न थांबता पुढच्या गाण्यात प्रवेश. कडवी आणि तो स्वरसमूह एवढंच ठरलेलं. बाकी त्या रात्रीवर.

म्हणून तुलनेसाठी मिनिटं मोजू नका. मुलगा मोजत असेल, त्याला मोजू द्या. तुम्ही तीन गोष्टी लिहून ठेवा: पहिलं कडवं येईपर्यंत काय झालं, कडव्यानंतर पहिल्यांदा वाट कुणी बदलली, आणि तो ओळखीचा स्वरसमूह परत आला तेव्हा तो कुणी आणला. बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गार्सिया नसतं, फिल लेश असतो. लेश बास वाजवायचा, पण पाया भरून देणारा बास नव्हे. तो स्वतःची चाल चालत राहायचा आणि गार्सिया त्याच्या अवतीभोवती.

आता दोन तारखा घ्या. पहिली २७ फेब्रुवारी १९६९, सॅन फ्रान्सिस्कोचं फिलमोर वेस्ट. ‘लाइव्ह/डेड’ या त्याच वर्षी निघालेल्या अल्बमची पहिली अख्खी बाजू म्हणजे हे वादन, तेवीस मिनिटांहून थोडं जास्त. ध्वनिमुद्रण १६ ट्रॅकवर झालं होतं, म्हणजे वाद्यं टेपवर सुटी सुटी घेऊन. मी आयुष्यभर स्टुडिओत टेप फिरवत बसलेली बाई, मला आधी ते ऐकू येतं. प्रत्येक वाद्याला स्वतःची जागा आहे, कुणी कुणावर चढत नाही. मागे बारीक करकर ऐकू येते ती ग्विरोची, खाचा पाडलेल्या भोपळ्यावर काडी ओढून वाजवतात ते वाद्य. दोन ड्रमर असूनही ठोका जवळजवळ नाहीच. टॉम कॉन्स्टँटनचं ऑर्गन धुरासारखं पसरतं. अशा वेळी गार्सियाला घाई करायचं कारण उरत नाही. तो दोन-तीन स्वर घेतो, उलटे करतो, थांबतो. कडव्यानंतर तेच स्वर वरवर चढवत नेतो आणि सगळे मिळून उंचीवर पोचले की मूळ स्वरसमूहावर उतरतो. ही सगळ्यांत रेखीव आवृत्ती. नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

दुसरी तारीख २७ ऑगस्ट १९७२, ओरेगॉन राज्यातलं व्हेनेटा. हा कार्यक्रम एका डेअरीच्या मदतीसाठी होता. स्प्रिंगफील्ड क्रीमरी ही लेखक केन केसीच्या भावाची डेअरी, आणि तिकिटं छापली होती तिच्या दह्याच्या लेबलांवर. उघडं मैदान, ऑगस्टमधलं जीवघेणं ऊन, पाण्याची टंचाई, तापलेल्या तारा सुरात राहायला तयार नाहीत. त्या दिवसाचं चित्रीकरण ‘सनशाइन डेड्रीम’ नावाने २०१३ साली अधिकृतपणे निघालं. त्यात मंचामागच्या खांबावर एक विवस्त्र गृहस्थ चढून बसलेले दिसतात, तेव्हा घरात पाहुणे असताना लावू नका.

पण ऐकण्यासारखा फरक वेगळा आहे. मधल्या काळात दोन ड्रमरांपैकी मिकी हार्ट बँड सोडून गेला होता, तो १९७४ मध्ये परतला. म्हणजे व्हेनेटाला ड्रमर एकच, बिल क्रॉइट्झमन. आणि ऑर्गनच्या जागी कीथ गॉडशोचा पियानो. एक ड्रमर म्हणजे लय वळवायला कुणाची परवानगी घ्यायला नको. क्रॉइट्झमन जॅझवाल्यासारखा झांजांवर हलका चालतो, पियानो तुटक तुटक बोलतो, आणि गार्सियाचा हात एकदम चपळ होतो. तोच माणूस, तेच गाणं, पण १९६९ मध्ये तो एकेक स्वर तोलत होता, तर इथे वाक्यच्या वाक्यं बोलतोय. कडव्यानंतर सगळं जवळजवळ विझतं, लेश एकटा चाचपडत राहतो, आणि मग वाढत वाढत असा कल्लोळ होतो की सूर-बिर काही उरत नाही. वा-वा पेडलवर (पायाने गिटारचा आवाज वळवायची पट्टी) पाय देऊन गार्सिया गिटारला किंचाळायला लावतो. आणि त्या राखेतून काय निघतं? ‘एल पासो’. काऊबॉयचं साधंसुधं गाणं, तीन मात्रांच्या झुल्यावरचं! दुसरं कडवं गायलंच नाही. मला दर वेळी हसू येतं. काही जाणकारांना हा शेवट खटकतो. मला तो सगळ्या वादनातला सर्वांत धीट निर्णय वाटतो.

हे दोन शेजारी ठेवून आठवडाभर ऐका. नंतर १३ फेब्रुवारी १९७०, न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट. ते दोन्हींच्या मधलं आहे: ड्रमर अजून दोन, पण कॉन्स्टँटन नुकताच बँड सोडून गेलेला. त्यात एका जागी सगळे मिळून चार स्वरसंगतींच्या एका आनंदी उतरंडीवर जातात. कुणी खूण केलेली ऐकू येत नाही, पण सगळे एकदम तिथे असतात. ती जागा सापडली की मला कळवा.

एक सावधगिरी. सारख्या जातीची ध्वनिमुद्रणं एकमेकांसमोर ठेवा. मिक्सरवरून थेट घेतलेल्या टेपमध्ये गिटार कानाशी असते आणि सभागृह गायब. श्रोत्यांतून माईक धरून केलेल्या टेपमध्ये सभागृह असतं, टाळ्या असतात, शेजारच्याचा खोकला असतो, आणि बास पसरट होतो. पहिलीत सोलो कोरडा वाटतो, दुसरीत भव्य. वादन तेच असतं.

प्रश्न : मी तबला शिकते. आमच्या क्लासमध्ये एक जण म्हणाला की ग्रेटफुल डेडचं लांबलचक वाजवणं म्हणजे आपल्या रागविस्ताराचीच नक्कल. खरं आहे का? — एक विद्यार्थिनी, दादर

उत्तर : नक्कल नाही. नातं मात्र आहे, आणि ते तुझ्या वाद्यातून गेलेलं आहे.

मिकी हार्ट १९६७ मध्ये उस्ताद अल्लारखांना भेटला आणि त्यांच्याकडून हिशेब शिकला. बँडचं ‘द इलेव्हन’ नावाचं गाणं अकरा मात्रांचं आहे, तीन-तीन-तीन-दोन असं मोजून बघ. पुढे माहीमच्या घरातून कॅलिफोर्नियात गेलेले झाकीर हुसेन आणि हार्ट यांनी १९७६ मध्ये ‘दिगा’ हा तालवाद्यांचा अल्बम केला, आणि ती मैत्री दशकानुदशकं टिकली. एवढं नक्की.

‘डार्क स्टार’मध्ये गार्सिया ज्या स्वरांत फिरतो ते आपल्या खमाज थाटाचे, सगळे शुद्ध आणि निषाद कोमल. पण स्वर जुळले म्हणून राग होत नाही. वादी-संवादी नाही, वर्ज्य काही नाही, आणि मुख्य म्हणजे समेवर यायचं बंधन नाही. तुझा ठेका धरून ठेवणारं तिथे कुणीच नाही, ड्रमरसुद्धा भटकतात. ही मंडळी जॉन कोल्ट्रेनचं जॅझ मन लावून ऐकत होती. एकाच स्वरपट्टीवर लांबवर वाजवत राहण्याची हिंमत जास्त करून तिकडून आली. क्लासमधल्या त्या मित्राला अकरा मात्रा हातावर धरून दाखवायला सांग. मग पुढे बोलू.

प्रश्न : गार्सियासारखा टोन मिळवायला कोणती गिटार, कोणता पेडल घ्यावा? बजेट बेताचं आहे. — एक वादक, नाशिक

उत्तर : पैसे वाचवा. फिलमोर वेस्टला त्याच्या हातात गिब्सन होती, व्हेनेटाला ग्रॅहम नॅशने दिलेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर, जिला मगरीच्या स्टिकरवरून ‘ॲलिगेटर’ म्हणत. पुढे डग अर्विन या कारागिराने घडवलेल्या ‘वुल्फ’, ‘टायगर’, ‘रोझबड’ आल्या. तीन घराण्यांच्या गिटारी, आणि दोन स्वर ऐकले की माणूस तोच कळतो.

तो आधी बँजो वाजवायचा. बँजोचा स्वर टिकत नाही, म्हणून प्रत्येक स्वर सुटा आणि नेमका मारावा लागतो. ती सवय त्याच्या गिटारीत शेवटपर्यंत राहिली. उजव्या हाताचं मधलं बोट बहुतांशी नव्हतंच. चार वर्षांचा असताना लाकडं फोडताना भावाच्या कुऱ्हाडीखाली गेलं. तर एक स्वर, एक आघात, ॲम्प फार न फाडता, हे सहा महिने करा. मग पेडलचं बघा.

प्रश्न : नंतरच्या काळातले सोलो ऐकण्यासारखे आहेत का? जुने चाहते नाकं मुरडतात. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाकं मुरडणाऱ्यांचं थोडं बरोबर आहे. ऐंशीच्या दशकात हे गाणं फारच क्वचित वाजलं. १९८६ मध्ये गार्सिया मधुमेहाने बेशुद्धीत गेला आणि बरा झाल्यावर त्याला गिटार जवळजवळ नव्याने हातात बसवावी लागली. पण ९ ऑक्टोबर १९८९ ऐका, व्हर्जिनियातलं हॅम्प्टन. १९८४ नंतर पहिल्यांदाच ‘डार्क स्टार’ वाजलं. पहिले स्वर ओळखल्यावर सभागृहात जो गलका उठतो, तो ऐकायला तरी श्रोत्यांतली टेप मिळवा. तोवर गार्सिया गिटारीला मिडी ही इलेक्ट्रॉनिक सोय जोडून बासरी-तुतारीचे आवाज काढायला लागला होता. मला ते आवाज स्वस्त वाटतात. वाजवणं स्वस्त नाही.

आणि २९ मार्च १९९०, न्यूयॉर्कजवळचं नॅसॉ कोलिझियम. सॅक्सोफोनवर ब्रॅनफर्ड मार्सालिस. पाहुणा आला की गार्सिया कसा बदलतो, हे इथल्याइतकं स्पष्ट दुसरीकडे मी ऐकलेलं नाही. तो कमी वाजवतो, ऐकतो, मार्सालिसचं वाक्य संपायच्या आत त्याचं शेपूट पकडून पुढे नेतो. सांगलीच्या वाचकांनीही हे ऐकावं. माझं पहिलं उत्तर त्यांना इथे लगेच पटेल.

प्रश्न : या सगळ्या टेपा लोकांकडे आल्या कुठून? चोरीच्या तर नाहीत ना? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नाहीत. बँडने श्रोत्यांना ध्वनिमुद्रण करू दिलं. १९८४ पासून तर टेप करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळ्या जागा ठेवल्या जात. अट एकच, विकायचं नाही, अदलाबदल करायची. माझ्याकडे या गाण्याची पहिली कॅसेट न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या मावसभावाकडून आली. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. त्यामुळे ११ मे १९७२चं रॉटरडॅमचं ‘डार्क स्टार’, जे मधल्या ड्रमवादनासकट अठ्ठेचाळीसेक मिनिटं चालतं, एका बाजूवर मावायचंच नाही.  आता बरंचसं इंटरनेट आर्काइव्हवर फुकट ऐकता येतं.

प्रश्न : इतक्या आवृत्त्या एकत्र ऐकायची काही सोय नाही का? — तेच सांगलीचे वाचक, दुसऱ्या पत्रात

उत्तर : आहे, आणि भलतीच आहे. जॉन ऑस्वाल्ड या कॅनडाच्या संगीतकाराने १९६८ ते १९९३ मधली शंभरावर ‘डार्क स्टार’ घेऊन, कापून, एकावर एक रचून ‘ग्रेफोल्डेड’ नावाची एकच लांब रचना केली. तिचा पहिला भाग १९९४ मध्ये आला, दुसरा पुढच्या वर्षी. त्यात तरुण गार्सिया आणि म्हातारा गार्सिया एकाच क्षणी वाजवतात. टेप कापणारी म्हणून मी त्या माणसाला सलाम करते, सांधे कुठेच दिसत नाहीत. पण ते सगळ्यांत शेवटी ऐका. व्हेनेटाचा पियानो आणि फिलमोरचं ऑर्गन डोळे मिटून ओळखता यायला लागले की मुलाकडून मागून घ्या. त्याच्या डिस्कवर नक्की असेल.