वह्या नेमक्या कुणाच्या?

ताई, असे मेल हल्ली बरेच येतात. घरातलं माणूस जातं, लेक किंवा मुलगा पदरचे पैसे घालून त्यावर शॉर्ट फिल्म करतो, तोवर कुणी काही बोलत नाही, आणि फेस्टिवलला निवड झाली की घरातल्याच कुणाला तरी आठवतं की आपल्याला विचारलंच नव्हतं. तुमच्याकडे ते दादांना आठवलं. २२ मिनिटांची फिल्म, बाबांचं शेवटचं वर्ष, व्हॉइसओव्हरला त्यांच्याच वहीतले उतारे, आणि आता पुण्याहून वकिलाची नोटीस की बाबांची प्रायव्हसी आणि कॉपीराइट दोन्ही मोडलेत, स्क्रीनिंग थांबवा.

प्रायव्हसीची फार काळजी करू नका. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांनी दिल्ली हायकोर्टात असाच मुद्दा मांडला होता, २०२३ मध्ये कोर्टाने म्हटलं की हा हक्क माणसाबरोबरच संपतो, वारसांकडे येत नाही. दिल्लीचा निकाल तुमच्या साताऱ्यात बंधनकारक नाही, पण दाखवायला उपयोगी पडतो.

कॉपीराइट मात्र संपत नाही, तो वारसांकडे जातो. मृत्युपत्र नसतं तर आई, दादा आणि तुम्ही असे सारखे वाटे, आणि एकटीच्या मर्जीने उतारे वापरणं अडचणीचं झालं असतं. तुम्ही दीड पान यावरच रडलाय. आणि खरी गोष्ट कुठे, तर सगळ्यात शेवटी, ता.क. टाकल्यासारखी: ‘बाबांनी साध्या कागदावर लिहून ठेवलं होतं, घर दादाला, पुस्तकं आणि लिखाणाच्या वह्या मला, पण रजिस्टर केलेलं नाही.’ अहो, हे पहिल्या ओळीत पाहिजे होतं!

कॉपीराइट कायद्याचं कलम २० वाचा, छोटंच आहे. न छापलेलं हस्तलिखित ज्याला मृत्युपत्राने दिलं, त्याला त्याचा कॉपीराइटही दिला असं धरायचं, मृत्युपत्रात उलट काही लिहिलेलं नसेल तर. म्हणजे वह्या तुमच्या, तर त्यातले शब्दही तुमचेच. ‘दूध २ लिटर, रात्री दम, झोप नाही’ असल्या ओळी म्हणजे लेखन कसलं, असं समोरचा वकील म्हणेल. म्हणू दे, लेखनच नसेल तर कॉपीराइटचा भंग तरी कसला? फक्त दिवाळी अंकात छापून आलेली बाबांची ती कविता यात बसत नाही, ती फिल्ममधून काढा.

आता मृत्युपत्राला रजिस्ट्रेशन लागत नाही, स्टॅम्पपेपरही लागत नाही. लागते बाबांची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. त्या आहेत म्हणता, एक काकांची, एक शेजारच्या मास्तरांची. पण मूळ कागद दादांच्या कपाटात आणि तुमच्याकडे मोबाइलमध्ये तिरका काढलेला फोटो, त्यात मास्तरांची सही अर्धी कापलेली. तीन वर्षं काय करत होतात हो? काका गेले. कोर्टात कागद सिद्ध करायला हयात साक्षीदारांपैकी निदान एकाची साक्ष लागते, आणि उरलेले मास्तर ८१ वर्षांचे आहेत. आपल्याकडे दावा साक्षीपर्यंत पोचायला किती वर्षं लागतात हे मी सांगायला नको. याच आठवड्यात त्यांच्याकडे जा, नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून घ्या. त्याने साक्षीचं काम भागेलच असं नाही, पण हातात काहीतरी राहील.

दुसरं, कॅव्हेट टाका, म्हणजे कोर्टाला आधीच अर्ज देऊन ठेवा, की तुमचं ऐकल्याशिवाय एकतर्फी स्टे मिळणार नाही. ते ९० दिवस चालतं. साताऱ्यात टाका आणि पुण्यातही टाका, कारण कॉपीराइटचा दावा लावणारा स्वतः राहतो तिथेही लावू शकतो, हे बरेच जण विसरतात.

‘मुलगा फोन उचलत नाही’ या सीनबद्दल फिल्म बघितल्याशिवाय बोलणार नाही. दादा हयात आहेत, बदनामीचा मुद्दा तिथे निघू शकतो. सेन्सॉर सर्टिफिकेटचं फेस्टिवलवाल्यांना विचारा, त्यातून सूट बहुतेक तेच घेतात.

आणि नोटीस आल्यावर दादांना पाठवलेला तो व्हॉट्सॲप, ‘सॉरी दादा, तुझी परमिशन घ्यायला हवी होती’, तो डिलीट करून उपयोग नाही, त्यांनी स्क्रीनशॉट काढला असणारच. भावनेच्या भरात लिहिलं असं सांगता येईल. उत्तर आता वकिलामार्फतच जाऊ दे, मूळ मृत्युपत्राची कॉपी मागून. तोवर दादांना एकही मेसेज नको, वाढदिवसाचासुद्धा.