बॉबी उघडण्याआधी

प्रिय पोरी,

आजोबांची बंद पडलेली मोटरसायकल पुन्हा चालू करायची म्हणून तू पाठवलेले फोटो काल रात्री मोठे करकरून पाहिले. नागपुरातल्या महाल भागातल्या वाड्याची मागची ओसरी, वर बारदान, टायर पार बसलेले, आणि टाकीच्या बाजूला आजोबांचा गुडघा लागून लागून रंग उडालेला, आतला पत्रा गुळगुळीत झालेला. ही राजदूत जीटीएस आहे, एस्कॉर्ट्सची. १९७३ च्या 'बॉबी' सिनेमात दिसली तेव्हापासून सगळे तिला बॉबीच म्हणतात. चाकं लहान, बांधा बुटका, पण पोटात इंजिन मोठ्या राजदूतचंच: १७३ सीसी, टू-स्ट्रोक, मूळ आराखडा पोलंडचा. त्यामुळे पिस्टन, रिंगा, सील यांची फार चिंता करू नकोस, मोठ्या राजदूतचे मिळतात. टाकी, सीट, मडगार्ड मात्र फक्त तिचेच. ते कितीही गंजलेले असोत, भंगारवाल्याच्या हातात जाऊ देऊ नकोस. ठोकून सरळ होतात, पण गेले की पुन्हा मिळवताना जीव जातो.

रंग कोणता द्यायचा असं तू विचारलंस. सांगतो, पण शेवटी.

आधी आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं पुस्तक, शोध. सांगाड्यावर ठोकलेल्या चेसिस नंबरवरची घाण रॉकेलच्या फडक्यानं पूस आणि आरसीवरचा नंबर अंकाला अंक लावून जुळव. तो जुळल्याशिवाय एक रुपया खर्च करू नकोस. आजोबांनी गाडी १९७५ ला घेतली म्हणालीस, म्हणजे पन्नाशी झाली. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, आणि आधीच नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. आजोबांचा नंबर टिकेल, हे माझ्या दृष्टीनं मोठं आहे. पण दोन अटी लक्षात घे. गाडी मूळ रूपात असावी लागते, चेसिस-इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत, आणि रोज कॉलेजला न्यायला ती वापरता येत नाही. तुला रोज चालवायची असेल तर साध्या फेरनोंदणीचा रस्ता धर. हे आरटीओत जाऊन आधीच ठरव, नंतर नको.

आता कामाचं. पहिला आठवडा पान्याला हात लावू नकोस. नुसती बघ. कुठली केबल कुठून गेली, कुठल्या बोल्टखाली वायसर आहे, तेल कुठे ओघळून वाळलं आहे, सगळ्याचे फोटो काढ. तेल ओघळलेल्या जागा आधी धुवून टाकलेली गाडी माझ्याकडे आली की मला वाईट वाटतं, कारण दुखणं कुठे आहे ते त्या डागांनीच सांगितलं असतं.

मी हे कशावरून म्हणतो ते ऐक. माझी पहिली राजदूत मी घरच्या पडवीत बांधली. सिलिंडर बोअर करून आणलं, नवा पिस्टन, नव्या रिंगा, रंग असा की तोंड दिसावं. क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याचे, ऑइल सील (तेल-हवा अडवणाऱ्या रबरी चकत्या) तेवढे जुनेच ठेवले. वरून बरे दिसत होते आणि बदलायला इंजिन पुरतं उघडावं लागलं असतं. मे महिन्यात भर दुपारी कामठी रोडवर मागचं चाक एकाएकी जाम झालं. क्लच दाबला गेला म्हणून वाचलो. घरी येऊन हेड उतरवलं तर पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूनं उभे ओरखडे, ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरला चिकटलेलं. तो पिस्टन मी फेकला नाही, बाकावर ठेवला आहे. आलीस की बोट फिरवून बघ, वाचून ते कळत नाही.

झालं असं होतं: टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-तेलाचं मिश्रण आधी पिस्टनखाली क्रँकच्या खोलीत येतं आणि तिथून दाबून वर जातं. ती खोली हवाबंद हवी. मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचा सील वयानं कडक झाला की तिथून नुसती हवा आत खेचली जाते. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, तापमान चढतं, आणि पेट्रोलबरोबर येणारं तेलही कमी पडतं. पिस्टन फुगतो आणि धरतो. क्लचच्या बाजूचा सील गेला तर उलटं होतं: गिअरबॉक्सचं तेल आत ओढलं जातं, धूर संपता संपत नाही आणि गिअरचं तेल कमी होत जातं. म्हणून इंजिन एकदा उघडलंच तर दोन्ही सील नवे टाक, जुने कितीही बरे दिसोत. सगळ्यात स्वस्त काम तेच आहे.

किक हलत नाही असं लिहिलंस. किकवर उभी राहून जोर लावू नकोस, आतला दाता मोडेल. प्लग काढ, त्या भोकातून डिझेल आणि थोडं पातळ तेल सोड, प्लगच्या जागी कापडाचा बोळा लाव आणि चार-पाच दिवस विसरून जा. मग वरच्या गिअरात टाकून मागचं चाक हातानं पुढे-मागे, अगदी बोटभर, हलवत राहा. एखाद्या संध्याकाळी ते सुटेल आणि तुला हातात कळेल.

सुटल्यावर सिलिंडर काढ. जुनी रिंग सिलिंडरात घालून पिस्टननं सरळ ढकल आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजनं, म्हणजे मोजमापाच्या पातळ पात्यांनी, मोज. नव्या रिंगेत ती पाव मिलिमीटरच्या आसपास असते. जुन्यात एक मिलिमीटरकडे सरकली असेल तर रिंगा गेल्या. रिंगा बसवताना प्रत्येक खाचेत एक बारीक पिन दिसेल. रिंगेची टोकं त्या पिनेवरच बसायला हवीत, नाहीतर टोक पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकात, अडकून तुटतं. इथे घाई करू नकोस.

स्पार्क नसेल तर कॉइल विकत आणण्याआधी पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क, बघ. इतकी वर्षं बंद पडलेल्या गाडीच्या पॉइंटवर पांढुरकी बुरशी धरते. बारीक पॉलिश पेपरनं पूस, फट ०.३५ ते ०.४ मिलिमीटर ठेव. पॉइंटमध्ये निळी ठिणगी उडत राहिली तर कंडेन्सर बदल. ब्रेकच्या ड्रममधली धूळ मात्र फुंकू नकोस, काँप्रेसरनं तर मुळीच नको. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये (ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यांत) ॲसबेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पूस आणि फडकं फेकून दे.

टाकीतला गंज व्हिनेगरनं निघतो, दोन-तीन दिवस भरून ठेव. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं खळखळून धू आणि लगेच वाळवून आतून तेलाचा हात फिरव. आपल्या हवेत धुतलेला उघडा पत्रा एका रात्रीत पुन्हा लाल होतो. तुझ्या खोलीत कूलर लावतेस ना, त्याची हवा बाकावर येऊ देऊ नकोस. कूलरच्या ओलाव्यानं घासून ठेवलेलं सिलिंडर सकाळी गंजलेलं मी पाहिलं आहे. पेट्रोलची नळी नवीच टाक. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यानं जुनं रबर फुगतं, आणि ते ओलावाही ओढून घेतं. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेव. पेट्रोलमध्ये तेल सुरुवातीला लिटरला ५० मिली, नव्या रिंगा चालून चालून नीट बसल्या की ४०. पहिले काही दिवस सेमिनरी हिल्सच्या चढावर नेऊ नकोस.

आता रंग. गाडी उन्हात, थंडीत, पावसात पहिल्या किकला निघू लागली की मग. तेही दिवाळीनंतर, सकाळच्या वेळी. मे महिन्यात इथे रंग पत्र्यावर पोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा उमटतो. पावसाळ्यात त्यावर पांढरी झाक येते. आणि टाकीची ती गुडघ्याची जागा? मी असतो तर तिला हात लावला नसता. बाकी सगळं रंगव, तेवढ्या पत्र्यावर पातळ क्लिअर कोट दे. इतक्या वर्षांत घासून झालेली ती झिलई कुठल्याच पेंटरला जमणार नाही. गाडी तुझी आहे, ठरव तू.

रविवारी नऊच्या आत ये. मॅग्नेटोचं फ्लायव्हील (जड चाक) हातोडीनं काढू नकोस, ते ओढून काढायचा पुलर माझ्याकडे आहे. आणि येण्याआधी आजोबांना एवढंच विचारून ये: गाडी शेवटची बंद पडली तेव्हा धूर फार होता, की किक मोकळी फिरत होती? धूर म्हणाले तर आपण क्लचच्या बाजूनं उघडू, मोकळी म्हणाले तर सिलिंडरपासून.

तुझा,
काका