बीपीची गोळी चालू असताना आईने गुडघ्यासाठी रोज पेनकिलर घ्यावी का?

रोज नको, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नकोच. तुम्ही लिहिलंय की आई इंदूरच्या राजवाड्याजवळच्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून रोज घेतात आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. मला काळजी या जोडीचीच वाटते.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्या शरीरातली प्रोस्टाग्लँडिन्स (सूज आणि दुखणं वाढवणारी रसायनं) कमी करतात, म्हणून सूज आणि दुखणं उतरतं. पण तीच प्रोस्टाग्लँडिन्स जठराचं अस्तर आणि किडनीचा रक्तपुरवठा सांभाळतात. ती कमी झाली की पोटात अल्सर (जखम) होऊ शकतो, बीपी चढतं, हृदयावरही ताण येतो. टेल्मिसार्टनसोबत या गोळ्यांनी किडनीला धोका असतो, त्यात लघवी वाढवणारी गोळीही असेल तर तो आणखी वाढतो. इंदूरच्या मे महिन्यात पाणी कमी प्यायलं गेलं तर फारच.

गुडघ्यापुरतं दुखत असेल तर आधी डायक्लोफेनॅकचं जेल लावून बघा, ते रक्तात फार कमी जातं. पॅरासिटामॉल पोटाला सौम्य, सूज मात्र उतरवत नाही. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही असतात, तेव्हा या गोळ्यांच्या वर ती आणखी देऊ नका.

शौचाला डांबरासारखं काळं झालं तर तडक दवाखाना गाठा. आणि क्रिएटिनिनची (किडनी नीट चालतेय का ते दाखवणारी) रक्ततपासणी याच आठवड्यात करून घ्या.