बांगड्याचा रंग पळतो तेव्हा

प्रश्न : जुन्या शास्त्रीय चित्रांच्या धर्तीवर बांगडा जलरंगात काढते आहे. रेखाटन होईपर्यंत पाठीवरची हिरवी-निळी झाक जाते. जहाजावरचे चित्रकार काय करत?

उत्तर : ते घाई करत ती रंग टिपण्याची, रंगवण्याची नव्हे. १८०१ साली ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावरून ऑस्ट्रेलियाला निघालेला निसर्गचित्रकार फर्डिनांड बाउअर पेन्सिलीच्या रेखाटनात जागोजागी आकडे घाली. एकेक आकडा म्हणजे एकेक ठरलेली छटा, आणि अशा छटा शेकड्यांनी होत्या. पक्की चित्रं त्याने पुढे लंडनमध्ये बसून केली.

तुमचा क्रम उलटा झाला आहे. मासा मिठाच्या पाण्याने धुऊन, डोकं डावीकडे करून ओल्या फडक्यावर ठेवा. पहिली पंधरा मिनिटं रेखाटनाला हातच लावू नका. ज्या कागदावर चित्र काढणार त्याच्याच पट्टीवर छटा जुळवा आणि त्यांना आकडे द्या. जलरंग वाळला की फिकट होतो, म्हणून छटा वाळल्यावरच माशाशी ताडून पाहा. सुरुवात डोळ्यापासून करा. तो लवकर पांढुरका पडतो.

मग मासा पिशवीत घालून बर्फात ठेवा. उघड्या बर्फाचं गोडं पाणी कातडीला लागलं की ती निस्तेज होते. आता आकार सावकाश काढा. पर थर्मोकोलवर टाचण्यांनी पसरा, मापं डिव्हायडरने घ्या. शेपटीआधीचे सुटे पर वर पाच, खाली पाच असतात. इथे चार काढले तर कोळीणही चूक दाखवील!

प्रश्न : पोटाला सिल्व्हर रंग दिला, तर मासा पत्र्याचा दिसतो.

उत्तर : दिसणारच. माशाची चंदेरी म्हणजे कातडीतल्या ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या पातळ, स्फटिकासारख्या चकत्यांवरून परतलेला उजेड. जलरंगात ते काम कोऱ्या कागदाने करायचं. पोट कोरं सोडा. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा अगदी पातळ करडा हात फक्त खालच्या कडेला द्या आणि तो ओला असतानाच किंचित गुलाबी सोडा. कोऱ्या भागाला लागूनच एखादी गडद रेघ हवी, तिच्यामुळेच पांढरं चमकतं. अठराव्या शतकातल्या ब्लॉख या जर्मन मत्स्यअभ्यासकाच्या छापील मत्स्यचित्रांत खरी चांदी वापरलेली आहे. पण हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते. त्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : काम करताना माशा फार येतात. त्या रंगही खातात का?

उत्तर : खातात, जलरंगात डिंक असतो, बऱ्याच रंगांत मधही. ताहिती बेटावर एप्रिल १७६९मध्ये कॅप्टन कुकच्या सफरीतल्या जोसेफ बँक्स या निसर्गअभ्यासकाने नोंदवलंय, की कागदावर रंग लावताच माशा तो खातात आणि मासा काढायचा असला तर त्यांना हाकलणंच चित्रापेक्षा जड जातं. टेबल, खुर्ची, चित्रकार सगळं मच्छरदाणीखाली घेतलं, तरी पुरलं नाही. मग डांबर आणि काकवीचा सापळा लावला, तोही फसला. तुम्ही पंखा लावा, पण वारा कागदावर घ्या, माशावर नको. वाऱ्याने त्याची कातडी सुकते.