प्रश्न वाचकांचे: ५८० पैकी १८५ व्होल्ट गेले कुठे?

प्रश्न : जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंची दुरुस्ती मी बरीच वर्षे हौसेने करतो. परदेशातून परतलेल्या एका नातेवाइकाकडून मला स्टॅक्सचा एसआर-एल३०० हा इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन मिळाला. त्याचा ॲम्प्लिफायर मात्र मिळाला नाही, म्हणून तो ६एसएन७ व्हॉल्व्ह वापरून घरीच बांधत आहे. पुरवठा अधिक-उणे ३५० व्होल्टचा आहे, प्रत्येक प्लेटला (व्हॉल्व्हमधून सिग्नल जिथून बाहेर येतो त्या टोकाला) ५० किलोओहमचा रेझिस्टर आहे आणि प्लेटचा व्होल्टेज शून्याजवळ येईल अशी रचना आहे. हेडफोनच्या पडद्यासाठी ५८० व्होल्टचा बायसही (पडद्यावर कायम ठेवायचा स्थिर व्होल्टेज) तयार केला, पण ४.७ मेगाओहमच्या रेझिस्टरपलीकडे, सॉकेटवर, मीटर ३९५ व्होल्टच दाखवतो. तो रेझिस्टर काढून थेट जोडणी करावी का? आणि एवढे व्होल्ट कानाशी बाळगणे कितपत सुरक्षित आहे? (एक वाचक, मिरज)

उत्तर : रेझिस्टर काढू नका, आपला बायस बरोबर आहे आणि हरवलेले १८५ व्होल्ट आपल्या मीटरनेच घेतले आहेत. साध्या डिजिटल मीटरचा आतला रोध १० मेगाओहम असतो. तो सॉकेटवर टेकवला की ४.७ आणि १० मेगाओहम यांची साखळी तयार होते आणि ५८० ला १४.७ ने भागून १० ने गुणले, की उत्तर ३९५ च्या आसपासच येते. रेडिओच्या दुरुस्तीत मोठमोठ्या रेझिस्टरपलीकडे मोजण्याची वेळ फारशी येत नाही, म्हणून हा चकवा अनुभवी माणसालाही बसतो. खात्री करायची असेल तर रेझिस्टरच्या अलीकडच्या टोकाला मोजावे. तिथे ५८० च्या जवळचा आकडा मिळाला, की त्या विषयात आणखी काही करायचे उरत नाही.

तो रेझिस्टर तिथे का असतो, हे समजले की तो काढण्याचा मोह उरणार नाही. या हेडफोनमध्ये चुंबक नसतो आणि गुंडाळीही नसते. एक-दोन मायक्रॉन जाडीचा, विजेचा किंचितच वाहक असलेला लेप दिलेला पडदा दोन सच्छिद्र धातूच्या पट्ट्यांच्या मधोमध ताणलेला असतो. पडद्यावर बायसचा स्थिर भार असतो आणि संगीताचा सिग्नल दोन्ही पट्ट्यांना एकमेकांच्या उलट दिला जातो, त्यामुळे एक पट्टी पडद्याला ओढते तेव्हा दुसरी ढकलते. पडदा हलत असताना त्याच्यावरचा भार कमीजास्त झाला तर आवाजात विकृती येते, म्हणून भाराला चटकन ये-जा करता येऊ नये एवढा मोठा रोध त्याच्या वाटेत मुद्दाम ठेवतात. दुसरे कारण सुरक्षेचे आहे. पडदा पट्टीला चिकटला किंवा केबलचे इन्सुलेशन फाटले, तरी ४.७ मेगाओहममधून जास्तीत जास्त ०.१२ मिलिअँपिअर वाहू शकतो.

आता सुरक्षेच्या प्रश्नाकडे वळतो. आपण विचारले आहे बायसबद्दल, पण माझी काळजी बायसची नाही. वर सांगितल्याप्रमाणे त्याचा प्रवाह ४.७ मेगाओहमच्या रेझिस्टरने मर्यादित केलेला आहे. खरा धोका आहे तो पट्ट्यांकडे जाणाऱ्या चार तारांचा आणि त्यामागच्या ३५० व्होल्टच्या पुरवठ्याचा. प्लेटच्या ५० किलोओहममुळे बिघाडाच्या वेळी त्या तारेतून येणारा प्रवाह सुमारे ७ मिलिअँपिअरवर अडतो खरा, पण जो झटका हाताला नकोसा होतो तो कानशिलाला बसणे ही दिलासा देणारी गोष्ट नव्हे. म्हणून केबल मूळचीच वापरावी, ती कापून साध्या तारेने वाढवू नये, आणि सॉकेट या हेडफोनसाठीच बनवलेले पाच पिनांचे घ्यावे. चासीला तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंग द्यावे आणि घरातले अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोहोचलेले आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. आपल्याकडे अनेक घरांत तिसरी पिन केवळ सॉकेटचे भोक भरण्यापुरती असते. घरात आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवला आहे म्हणून निश्चिंतही राहू नये. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूचा शॉक त्याला कळत नाही, कारण ती बाजू मेनपासून अलग असते आणि फेज व न्यूट्रल यांच्यातला प्रवाह समतोलच राहतो.

पुरवठ्यातला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४०० व्होल्टला ८ ज्यूल ऊर्जा साठवतो. बंद केल्यावर ती उतरावी म्हणून त्याच्यावर २२० किलोओहमचा रेझिस्टर लावतात आणि व्होल्टेज एक-दशांशावर यायला साधारण ५० सेकंद लागतात. इथे माझीच एक चूक सांगतो. पहिल्या बांधणीत मी तिथे हाताशी असलेला पाव वॉटचा रेझिस्टर लावला होता. ४०० व्होल्टला त्यात पाऊण वॉट जिरतो, शिवाय पाव वॉटच्या सामान्य रेझिस्टरची व्होल्टेज-मर्यादाच २५० असते. काही महिन्यांत तो आतून तुटला आणि बाहेरून मात्र जसाच्या तसा दिसत राहिला. रात्री बंद करून ठेवलेल्या चासीत दुसऱ्या दिवशी सकाळी पेचकस घातला तेव्हा ठिणगी उडाली आणि पेचकसाच्या टोकाचा तुकडा गेला. तेव्हापासून मी एक-एक वॉटचे दोन १०० किलोओहम एकापुढे एक जोडतो आणि तरीही प्रत्येक वेळी हात घालण्यापूर्वी मीटर लावून पाहतो. आपला मीटर आणि त्याच्या तारा १००० व्होल्ट डीसीच्या हव्यात, कारण आपल्या अधिक आणि उणे पुरवठ्याच्या दोन तारांमध्ये ७०० व्होल्ट आहेत.

आपली रचना पुरेशी आहे का, हे आपण विचारलेले नाही. तरी हिशेब मांडतो, कारण घरगुती बांधणीत बहुतेकांची गल्लत इथेच होते. एल३०० ची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) केबलसह ११० पिकोफॅरड आणि संवेदनशीलता १०० व्होल्टला १०१ डेसिबल आहे. ८० डेसिबलच्या सुखद श्रवणाला म्हणून जेमतेम ९ व्होल्ट लागतात आणि त्याहून २० डेसिबल उंच उसळी आली तरी ९० व्होल्टच्या आतबाहेर काम भागते. आपल्या प्लेट्स शून्यापासून २०० व्होल्ट वर-खाली जाऊ शकल्या, तर दोन पट्ट्यांमध्ये ४०० व्होल्टचे शिखर, म्हणजे सुमारे २८० व्होल्ट आरएमएस (परिणामी मूल्य) मिळतात आणि व्होल्टेजची चणचण भासत नाही. प्रश्न प्रवाहाचा आहे. १० किलोहर्ट्झला हा हेडफोन १४५ किलोओहम दिसतो, २० किलोहर्ट्झला त्याच्या निम्मा. तिथे ४०० व्होल्टच्या शिखराला ५.५ मिलिअँपिअर हेडफोनला लागतात आणि ४ मिलिअँपिअर प्लेटच्या रेझिस्टरमध्ये जातात. या दोन प्रवाहांत ९० अंशांचा फरक असल्याने त्यांची सरळ बेरीज होत नाही, एकूण ६.८ होतात, आणि आपला स्थिर प्रवाह ७ आहे. म्हणजे आपण काठावर पास आहात. संगीतात एवढ्या उंच स्वरांना एवढा जोर कधीच नसतो, त्यामुळे काठावरचे हे पास होणे मी पुरेसे मानतो. पण केबलची लांबी वाढवून धारिता दुप्पट केलीत, तर हा हिशेब कोलमडेल.

व्हॉल्व्हबाबत एकच गोष्ट ताणून सांगावीशी वाटते. प्लेट शून्यावर ठेवायची तर ६एसएन७ चा कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) उणे २५० व्होल्टच्या आसपास येतो. कॅथोडला तापवणारी तार, म्हणजे हीटर, मात्र सवयीने चासीला जोडला जातो, जसा रेडिओत जोडतो. हीटर कॅथोडपेक्षा धन असताना या व्हॉल्व्हला जेमतेम १०० व्होल्ट डीसी सोसतात. २५० दिल्यावर तो काही दिवस वाजेल, मग गुरगुरेल आणि एक दिवस आतल्या आत शॉर्ट होईल. म्हणून आउटपुट व्हॉल्व्हच्या हीटरसाठी ६.३ व्होल्टची वेगळी गुंडाळी घ्यावी आणि ती कॅथोडच्या जवळच्या व्होल्टेजला बांधावी. पहिल्या टप्प्यातल्या व्हॉल्व्हचा हीटर दुसऱ्या गुंडाळीवर, चासीजवळ राहू द्यावा. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्याला ही गोष्ट आधी सांगावी लागते, कारण त्या गुंडाळीखाली त्याला इन्सुलेशनचा कागद जास्त घालावा लागतो. दोन टप्प्यांमधले कपॅसिटर ६३० व्होल्टचे, फिल्मचे असावेत; जुने कागदी कपॅसिटर घरात पडून असले तरी तिथे वापरू नयेत, त्यांच्या गळतीने प्लेटचा शून्य सरकतो.

पहिल्यांदा चालू करताना हेडफोन जोडूच नका. व्हॉल्व्ह थंड असताना त्यांतून प्रवाह वाहत नाही, म्हणून चारही प्लेट्स थेट अधिक ३५० व्होल्टवर बसलेल्या असतात आणि हीटर तापल्यावर हळूहळू शून्याकडे उतरतात. ही उतरण मीटरवर स्वतः पाहावी. अर्ध्या तासानंतर एका कानाच्या दोन प्लेट्समधला फरक आणि प्रत्येक प्लेटचा चासीशी फरक १०-२० व्होल्टच्या आत आणून, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून, मगच हेडफोन लावावा. नंतरही रोज चालू केल्यावर एक मिनिट थांबून तो डोक्यावर घ्यावा.

सगळे जमल्यावर काय ऐकावे, हे मिरजेच्या माणसाला मी काय सांगणार? तंबोऱ्याची जवारी या हेडफोनवर जशी उलगडते तशी मी अन्यत्र ऐकलेली नाही. ॲम्प्लिफायरची परीक्षा मात्र तंबोरा घेत नाही, ती टाळ घेतात. भजनाच्या एखाद्या चांगल्या ध्वनिमुद्रणात टाळांचा गजर चढतो, तेव्हा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येत असेल तर आपले ७ मिलिअँपिअर पुरले असे समजावे. सगळे मिळून नुसतीच खळखळ झाली, तर प्लेटच्या प्रवाहाकडे पुन्हा पाहावे.

प्रश्न : माझ्याकडे पाच पिनांचा, ५८० व्होल्ट बायसचा जुना इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन आहे. पावसाळा सुरू झाला की डावा कान हळू वाजू लागतो; दिवाळीनंतर आपोआप बरा होतो. बायसचा पुरवठा कमी पडतो का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पाच पिनांच्या सॉकेटमध्ये बायसची पिन एकच असते आणि दोन्ही कानांना तिथूनच भार मिळतो. पुरवठा कमी पडला असता तर दोन्ही कान सारखेच मंदावले असते. तरीही एक तपासणी करून घ्यावी : ॲम्प्लिफायरच्या मागे येणाऱ्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करावी. मंद आवाज उजवीकडे गेला तर दोष ॲम्प्लिफायरच्याही आधी, सिग्नल देणाऱ्या यंत्रात किंवा तारेत आहे. डावीकडेच राहिला तर तो ॲम्प्लिफायरच्या डाव्या बाजूत किंवा हेडफोनमध्ये आहे. तेव्हा ॲम्प्लिफायर बंद व थंड करून दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह आपसात बदलून पाहावेत.

ऋतूशी जुळणारे आपले वर्णन पाहता मला हेडफोनचाच संशय आहे. पडद्याच्या कडेला धूळ आणि घामाचा क्षार साचला, की दमट हवेत त्याची वाहक वाट तयार होते आणि पडद्यावरचा भार तिथून पट्टीकडे गळू लागतो. कोकणातल्या जुलैच्या हवेत हे व्हायला फार धूळ लागत नाही. वापरून झाल्यावर हेडफोन सिलिका जेलच्या पिशव्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि पिशव्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा कोरड्या कराव्यात. हेअर ड्रायरची गरम हवा मात्र मारू नये. ताणलेला पडदा एकदा सैल पडला की तो घरी दुरुस्त होत नाही. कोरड्या थंडीतही फरक राहिला, तर कानाचा तो भागच बदलावा लागेल.

प्रश्न : वडिलांचा जुना व्हॉल्व्ह रेडिओ माळ्यावर आहे. त्याचा ट्रान्सफॉर्मर आणि चासी अशा ॲम्प्लिफायरसाठी वापरता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : प्रथम त्यात ट्रान्सफॉर्मर आहे का, ते पाहा. एसी आणि डीसी दोन्हींवर चालणाऱ्या अनेक जुन्या रेडिओंत तो नसतोच आणि मेनची एक तार थेट चासीला जोडलेली असते. व्हॉल्व्हवरचे नाव यूसीएच किंवा यूएल असे यू अक्षराने सुरू होत असेल तर आपला रेडिओ बहुधा त्या जातीचा आहे आणि त्याच्या चासीवर हेडफोनचे काहीही बांधू नये. ट्रान्सफॉर्मर असलाच, तरी तो एकाच रेडिओच्या गरजेचा, दशकानुदशके दमट हवेत राहिलेला असणार आणि त्यात हीटरची दुसरी गुंडाळीही नसणार. नवा गुंडाळून घ्यावा. जुन्या रेडिओतले चिनी मातीचे व्हॉल्व्ह-सॉकेट मात्र जपून काढा. त्यांच्या पिना सॅंडपेपरने नव्हे, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या दात घासायच्या ब्रशने साफ केल्या, तर ते नव्यांहून घट्ट पकडतात.